अक्कलदाढ, लॉकडाउन आणि दोन डॉक्टर

साथ आली की दातांच्या डॉक्टरने दवाखाना उघडा ठेवायचा की शटर खाली ओढायचं? शिरूर आणि दौंडमधल्या दोन अनुभवांमधून शोधलेलं उत्तर...

अक्कलदाढेला टायमिंगचा सेन्स नसतो. माझी दुखायला लागली ती मे २०२०च्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे बघा, अख्खा देश घरात बसलेला, पुणे जिल्हा रेड झोनमध्ये, एसटी बंद, आणि इकडे माझा उजवा गाल फुगून पुरी झालेला!

मी तेव्हा मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला होते. हॉस्टेल रिकामं करायला सांगितल्यावर मार्चमध्येच बॅग भरून शिरूरला, घरी आले होते. खराडीच्या तुमच्या क्युबिकलपासून शिरूर तसं दीड-दोन तासांवर, अर्थात वाघोलीचं ट्रॅफिक मेहेरबान असेल तर. रांजणगावच्या गणपतीला गेला असाल तर तसंच नगर रोडने पुढे या, की घोड नदीच्या अलीकडे आमचं गाव. म्हणून तर जुनी माणसं अजून त्याला घोडनदीच म्हणतात.

पहिल्या रात्री आजीची लवंग. दुसऱ्या रात्री मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि पेनकिलर. तिसऱ्या दिवशी तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. वरणभातसुद्धा चमचा तिरका करून आत सारायचा. शेवटी बाबांनी आमच्या नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांना फोन लावला. नेहमीच्या म्हणजे बारा वर्षांच्या! आजीची कवळी, आईच्या दोन कॅपा, माझ्या लहानपणीच्या किडलेल्या दाढांमधलं सिमेंट, सगळं त्यांच्याच हातचं. फोन स्विच्ड ऑफ. बाबा मास्क लावून चालत जाऊन आले. शटर खाली, त्यावर चिकटवलेला कागद : 'पुढील सूचनेपर्यंत दवाखाना बंद राहील.'

बाबांचा पारा चढला. ''एवढी वर्षं त्यांच्याकडे पैसे मोजले, आणि गरज पडली तेव्हा हे गायब!''

आई म्हणाली, ''अहो, त्यांनाही घरदार आहे. उद्या त्यांना काही झालं तर?''

गालावर बर्फाचा रुमाल धरून मी दोघांचं ऐकत होते. मनातून मी शंभर टक्के बाबांच्या पार्टीत होते. दुखणाऱ्या माणसाला दुसऱ्याची बाजू कुठे दिसते?

व्हिडिओ कॉलवरचा दवाखाना

मेडिकलवाल्या काकांनी एका नव्या डॉक्टर मॅडमचा नंबर दिला. वर्ष-दीड वर्षापूर्वीच त्यांनी दवाखाना टाकला होता. खुर्चीचे आणि मशीनचे हप्ते चालू असणार, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. त्यांनी लगेच व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. बाबांनी मोबाइलचा टॉर्च धरला, आईने चमच्याने गाल बाजूला केला, आणि माझी अक्कलदाढ आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आली.

मॅडमचे प्रश्न फटाफट. ताप आहे का? घरात पुण्या-मुंबईहून कोणी आलंय का? गिळताना दुखतं का? श्वास घेताना त्रास? कुठल्या औषधाची ॲलर्जी? मग औषधं लिहून पाठवली आणि एक गोष्ट दोनदा सांगितली. सूज जबड्याखाली मानेकडे उतरली, किंवा थुंकी गिळता येईना, तर रात्रीचे तीन वाजले तरी फोन करायचा. दातातला पू मानेत उतरला तर श्वासाची वाट बंद होऊ शकते, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. तुम्हालाही बहुतेक नसेल. दातदुखीने काय जीव जातो का, असं आपण म्हणतो ना? क्वचित का होईना, जातो.

चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. एकटीने यायचं, ठरल्या वेळी यायचं, आधी कोणी नाही, नंतर कोणी नाही. एसी बंद, खिडक्या सताड उघड्या, हवा बाहेर फेकणारा एक एक्झॉस्ट फॅन. मॅडम अंगात पीपीई, तोंडावर मास्क आणि त्यावर फेस शील्ड चढवून उभ्या. आधी एका तपकिरी औषधाची चूळ भरायला लावली. जागा बधिर केली, हिरडीला छोटा छेद देऊन पू काढला आणि जागा धुऊन घेतली. ते घर्र आवाज करणारं मशीन त्यांनी हातातही घेतलं नाही. वीस मिनिटांत मी बाहेर. दाढ काढली ती मग ऑक्टोबरमध्ये, सगळं जरा निवळल्यावर.

तेव्हा मला वाटलं होतं, या मॅडम किती शूर! आणि ते दुसरे डॉक्टर किती...! जाऊ दे. पण पुढे पत्रकारिता करायला लागल्यावर हा विषय डोक्यातून जाईना. मग नियम वाचले, पेपर वाचले, आणि अलीकडे एका वीकएंडला शिरूरला जाऊन दोघांनाही भेटले. तेव्हा लक्षात आलं, की गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही.

हवेत काय उडतं?

आधी एक बेसिक फंडा. दाताच्या खुर्चीत बसल्यावर जे घर्र वाजतं, ते एअर रोटर. त्याचं टोक मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं. दात तापू नये म्हणून त्याबरोबर पाण्याचा फवारा सुटतो. त्या पाण्यात तोंडातली थुंकी, रक्त, जंतू मिसळतात आणि बारीक तुषार हवेत उडतात. यालाच एरोसोल म्हणतात. दात साफ करायचं अल्ट्रासॉनिक मशीनही हेच करतं. आणि डॉक्टरचं तोंड कुठे असतं? तुमच्या उघड्या, मास्क नसलेल्या तोंडापासून हातभर अंतरावर. आपण ज्याला सोशल डिस्टन्सिंग म्हणत होतो, त्याच्या बरोब्बर उलटा धंदा!

म्हणूनच मार्च २०२०मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने कुठल्या कामात कोरोनाचा धोका सर्वाधिक, याचा जो आलेख छापला, त्यात दातांच्या दवाखान्यात काम करणारे लोक अगदी वरच्या टोकाला होते. त्याच महिन्यात वुहानमधल्या दंतवैद्यांनी आपला अनुभव शोधनिबंधात मांडला : आधी ताप तपासा, चूळ भरायला लावा, दाताभोवती रबर डॅम लावा, जोरात खेचणारं सक्शन वापरा, शक्य तिथे मशीनऐवजी हाताची हत्यारं वापरा. शिरूरच्या मॅडमनी माझ्यावर जे केलं, ते याच यादीतलं होतं. त्या शूर होत्याच, पण त्यांनी अभ्यासही केला होता!

आणि अभ्यासाचा उपयोग होतो. अमेरिकेत जून २०२०मध्ये दोन हजारांहून जास्त दंतवैद्यांचा सर्व्हे झाला. त्यात कोरोना झालेल्यांचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी निघालं. जवळपास सगळ्यांनीच जादा काळजी घ्यायला सुरुवात केली होती. धोक्याच्या आलेखात टॉपला असलेली माणसं नीट काळजी घेऊन टिकून राहिली.

उघडा की बंद?

पण हे सगळं नंतर कळलं. मार्च-एप्रिल २०२०मध्ये शिरूरच्या डॉक्टरांसमोर काय होतं? नुसता गोंधळ!

९ मार्च २०२०ला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच सापडले. १६ मार्चला अमेरिकन डेंटल असोसिएशनने तातडीची नसलेली कामं पुढे ढकला, असं सांगितलं. आपल्याकडे डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाचा सूरही 'फक्त इमर्जन्सी बघा' असाच होता. दुसरीकडे सरकार खासगी डॉक्टरांना बजावत होतं, की दवाखाने बंद ठेवू नका, नाहीतर कारवाई करू. म्हणजे उघडलं तर 'साथ पसरवतो', बंद ठेवलं तर 'पळून गेला'. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खास दंतवैद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्या १९ मे २०२०ला. लॉकडाउन लागून जवळजवळ दोन महिने झाल्यावर! त्यात झोननुसार वाटणी होती. कंटेनमेंट झोनमध्ये दवाखाना बंद, पण फोनवरून सल्ला चालू. रेड झोनमध्ये फक्त इमर्जन्सी. ऑरेंज आणि ग्रीन झोनमध्ये इमर्जन्सी आणि तातडीची कामं. रूटीन कामं सगळीकडेच पुढे.

यातली एक ओळ मला फार महत्त्वाची वाटते. दवाखाना बंद असला तरी फोनवर सल्ला द्यायचा. शटर खाली असेल, पण डॉक्टर 'बंद' नाही.

आमचे जुने डॉक्टर भेटले, तेव्हा मी जरा बिचकतच विषय काढला. त्यांनी शांतपणे सांगितलं. घरात आई डायलिसिसवर होती. असिस्टंट गावाहून एसटीने यायची, ती एसटीच बंद. एन ९५ मास्क कुठल्याही दुकानात मिळत नव्हता, आणि मिळाला तर चौपट भावाने. अशा परिस्थितीत दवाखाना बंद ठेवला याचं त्यांना आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ''फोन बंद ठेवायला नको होता,'' ते म्हणाले. ''दिवसाला पन्नास-साठ फोन यायचे. घाबरून गेलो होतो. पण निदान दुसऱ्या कुणाचा नंबर तरी त्या कागदावर लिहायला हवा होता.''

मी काही बोलले नाही. बाबांना मात्र घरी जाऊन हे जसंच्या तसं सांगितलं. बाबा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ''आईचं त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं तर मी असं बोललो असतो का?''

कायदा काय म्हणतो?

डॉक्टरने प्रत्येक रुग्ण घेतलाच पाहिजे, असं आपली वैद्यकीय आचारसंहिता म्हणत नाही. कुणावर उपचार करायचे, हे ठरवायचा अधिकार त्याला आहे. पण दोन मोठे अपवाद आहेत. एक, इमर्जन्सी. आणि दुसरा, एकदा हातात घेतलेला रुग्ण असा अर्ध्यावर, न सांगता सोडून देता येत नाही. दंतवैद्यांची स्वतःची आचारसंहिता १९७६ची, ती २०१४मध्ये सुधारली. तिचंही तत्त्व हेच. १९८९मध्ये सुप्रीम कोर्टाने परमानंद कटारा खटल्यात डॉक्टरांना ठणकावून सांगितलं होतं, की जीव वाचवणं आधी, बाकीचे सोपस्कार नंतर.

आणि साथीचा कायदा? तो तर थेट आपल्या पुण्याच्या इतिहासातून येतो. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला, तिथून पुण्यात शिरला आणि फेब्रुवारी १८९७मध्ये इंग्रजांनी एपिडेमिक डिसीजेस ॲक्ट आणला. त्याच्या जोरावर पुण्यात घराघरांत सोल्जर घुसले. त्या संतापातून जून १८९७मध्ये चापेकर बंधूंनी रँडला गोळ्या घातल्या, हे आपण शाळेत शिकलोय. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव रुग्णांची सेवा करत होते, आणि १० मार्च १८९७ला प्लेगनेच सावित्रीबाई गेल्या. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्राने कोरोनासाठी लागू केला तो हाच, तब्बल १२३ वर्षांपूर्वीचा कायदा!

२०२०च्या एप्रिलमध्ये केंद्राने वटहुकूम काढून त्यात भर घातली. आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केला तर अजामीनपात्र गुन्हा, तीन महिने ते पाच वर्षांपर्यंत शिक्षा. डॉक्टरने जबाबदारी पाळावी असं वाटत असेल, तर त्याला सुरक्षित ठेवायची जबाबदारी समाजाची आहे. जानेवारी २०२१मध्ये लसीकरण सुरू झालं, तेव्हा पहिल्या रांगेत डॉक्टर, नर्स यांच्याबरोबर दंतवैद्य आणि त्यांचे असिस्टंटही होते, ते याचसाठी. अनेक बीडीएस डॉक्टरांनी तर त्या काळात स्वतःचा दवाखाना सोडून कोविड सेंटरमध्ये स्वॅब घ्यायचं काम केलं.

दौंड : तीन हलणारे दात

शिरूरहून दुसऱ्या दिवशी मी दौंडला गेले, मामाकडे. न्हावरे, मग पारगावचा भीमेवरचा पूल, चौफुला, पाटस. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. दौंड म्हणजे रेल्वेचं जंक्शन, एसआरपीएफचा कॅम्प आणि शेजारी कुरकुंभची एमआयडीसी. २०२०मध्ये मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेले एसआरपीएफचे काही जवान पॉझिटिव्ह निघाले, तेव्हा पहिल्यांदा दौंडचं नाव बातम्यांत झळकलं होतं.

माझा मामा रेल्वेत गार्ड होता. शुगर जुनी. एप्रिल २०२१मध्ये, दुसऱ्या लाटेत, त्याला कोविड झाला. ऑक्सिजन लागला, स्टेरॉइड दिली गेली, पण सुटला. घरी आला तेव्हा मामीने दारात ओवाळलं. त्यानंतर दहा-बारा दिवसांत त्याचे डावीकडचे वरचे दात दुखायला लागले. गाल जड वाटायचा. मामी म्हणाली, ''वय झालं आता. दातच काढून टाकू या.''

त्या दिवसांत दौंडमध्ये एक दातांचा दवाखाना रोज दोन तास उघडा असायचा. मामा खुर्चीत बसला आणि म्हणाला, ''डॉक्टर, काढून टाका एकदाचे.'' डॉक्टरांनी आरशाने बघितलं, दातांवर टकटक केलं. शेजारचे तीन दात एकदम हलत होते. हिरड्या तर खराब नव्हत्या. मग टाळू बघितली. तिथे एक काळपट चट्टा. त्यांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं आणि तीन प्रश्न विचारले. कोविड होऊन किती दिवस झाले? शुगर किती आहे? स्टेरॉइड दिली होती का?

दात काढले नाहीत. मामा खुर्चीत असतानाच पुण्याच्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांना स्वतः फोन लावला. चिठ्ठी दिली. फी घेतली नाही. आणि मामीला बाजूला घेऊन सांगितलं, उद्या नाही, आत्ता निघा.

ती म्युकरमायकोसिस होती, पेपरात आपण जिला काळी बुरशी म्हणत होतो. वाढलेली शुगर आणि स्टेरॉइड, या दोघांच्या जोडीवर ही बुरशी माजते. ती नाकाच्या पोकळीतून वरच्या जबड्यात, डोळ्यात आणि तिथून मेंदूत जाते. दिवस नाही, तास मोजावे लागतात. गुजरात आणि महाराष्ट्र या दोन राज्यांत तिने सर्वाधिक धुमाकूळ घातला. २० मे २०२१ला केंद्राने राज्यांना सांगितलं, की हा आजारही साथीच्या कायद्याखाली आणा, प्रत्येक रुग्ण कळवा. ॲम्फोटेरिसिन बी हे इंजेक्शन मिळवताना माझ्या मामेभावाने पुण्यात किती मेडिकलचे उंबरे झिजवले, ते तोच जाणे.

मामाचा वरचा अर्धा जबडा काढावा लागला. डोळा वाचला. जीव वाचला. आज तो टाळूला एक प्लेट लावतो. ती नसेल तर चहा नाकातून बाहेर येतो आणि बोललेलं कुणाला कळत नाही. ती प्लेटही बनवली ती दातांच्या डॉक्टरांनीच. मी गेले तेव्हा मामा प्लेट धुऊन बसवत होता. म्हणाला, ''त्या दिवशी दवाखान्याला कुलूप असतं, तर तुझी मामी मला लवंगाच लावत बसली असती.''

मामीने त्याच्याकडे बघितलं आणि आत चहा टाकायला गेली.

माझ्या दाढेच्या वेळी मी समजत होते, की साथीत दंतवैद्याची जबाबदारी म्हणजे दुखणं थांबवणं. दौंडमध्ये कळलं, की त्याच्याही आधीची जबाबदारी म्हणजे ओळखणं. तोंडात बघणारा पहिला माणूस तोच असतो. त्याने त्या दिवशी नुसते दात काढून दिले असते, तर मामा खूश झाला असता आणि बुरशी वर सरकत राहिली असती.

'नाही' म्हणायचा हक्क

आता एक नाजूक प्रश्न. रुग्णाला संसर्ग आहे हे माहीत असताना डॉक्टरने नाही म्हटलं तर?

कोरोनाच्या कितीतरी आधी एचआयव्हीने हा प्रश्न विचारला होता. १९९०मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात डेव्हिड एसर या दंतवैद्याच्या एका रुग्ण तरुणीला एचआयव्ही त्याच्याकडूनच झाला असावा, असं पुढे आलं. पुढच्या तपासात असे सहा रुग्ण निघाले. नेमका कसा, ते शेवटपर्यंत उलगडलं नाही. पण सगळ्या जगाचे दातांचे दवाखाने हादरले. आज आपल्याला साधे वाटणारे ग्लोव्ह, मास्क, प्रत्येक पेशंटला वेगळी निर्जंतुक हत्यारं, या सगळ्याला त्या काळात कायद्याची सक्ती आली.

दुसरी बाजूही तिथलीच. १९९४मध्ये मेन राज्यात एका दंतवैद्याने एचआयव्ही असलेल्या महिलेचा दात स्वतःच्या दवाखान्यात भरायला नकार दिला. हॉस्पिटलमध्ये भरतो, पण तिथला खर्च तिने करायचा, असं त्याचं म्हणणं. प्रकरण १९९८मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि एचआयव्ही असलेल्यांनाही भेदभावविरोधी कायद्याचं संरक्षण आहे, असा कौल मिळाला.

आपल्याकडे असा स्पष्ट कायदा आला तो २०१७मध्ये, आणि सप्टेंबर २०१८पासून लागू झाला. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं बेकायदा. पण याच कायद्याची दुसरी अर्धी बाजूही वाचण्यासारखी आहे. रक्ताशी संबंध येतो अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना ग्लोव्हसारखी साधनं, प्रशिक्षण आणि सुई टोचली तर लगेच घ्यायची औषधं द्यायची जबाबदारी संस्थेवर आहे. डॉक्टरने नाही म्हणायचं नाही, आणि त्याला 'हो' म्हणता येईल अशी सोय करून द्यायची. दोन्ही एकत्रच येतं.

यातलं मूळ तत्त्व अगदी साधं आहे. कुणाच्या अंगात काय आहे, हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून प्रत्येक पेशंटला संसर्ग असू शकतो असं धरूनच काम करायचं. मग 'त्याला घ्यायचं, हिला नाही' हा प्रश्नच उरत नाही.

साथ संपली, पुढे काय?

तुम्ही म्हणाल, झालं की आता सगळं. मास्क गेले, सॅनिटायझरच्या बाटल्या वाळल्या. मग ही बातमी ऐका.

२०२३मध्ये तमिळनाडूतल्या वाणियंबाडी गावात एका दातांच्या दवाखान्यात गेलेल्या दहा जणांना मेंदूचा एक दुर्मिळ आजार झाला, न्यूरोमेलिऑइडोसिस. दहापैकी आठ जण दगावले. २०२५मध्ये यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि कारण वाचून मी सुन्न झाले. सलाइनच्या बाटलीचं झाकण निर्जंतुक न केलेल्या हत्याराने उघडायचं, आणि तीच बाटली पुन्हा पुन्हा वापरायची. बस्स, एवढंच! तिथे ना लॉकडाउन होता, ना पीपीईचा तुटवडा. होती ती फक्त 'चालतंय की' ही सवय.

म्हणजे साथीतली जबाबदारी ही साथ आल्यावर सुरू होत नाही. ती रोजच्या ऑटोक्लेव्हपासून सुरू होते. शिरूरच्या मॅडमना मे २०२०मध्ये नवं फार थोडं शिकावं लागलं, कारण बाकीचं त्या आधीपासून करत होत्या.

विचारायला लाजू नका!

आपण नव्या फोनचा कॅमेरा किती मेगापिक्सल हे चार वेळा विचारतो, पण तोंडात जाणारं हत्यार कुठून आलं, हे विचारायला लाजतो. पुढच्या वेळी खुर्चीत बसण्याआधी एवढं बघा :

- हत्यारं बंद पाउचमधून तुमच्यासमोर उघडली का? पाउचवरची खूण रंग बदललेली आहे का? (रंग बदलला म्हणजे ते पाकीट उष्णतेतून गेलं, एवढंच कळतं. ऑटोक्लेव्ह नीट चालतो का, हे बघायला जिवंत जंतूंची वेगळी चाचणी असते. तीही विचारा.)
- हत्यारं उकळतात की ऑटोक्लेव्ह करतात? वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांना साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. नुसतं उकळणं पुरेसं नाही.
- सुई नवी आहे का, आणि वापरल्यावर ती सरळ न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात गेली का?
- ग्लोव्ह घातलेल्या हाताने डॉक्टर किंवा असिस्टंट मोबाइल उचलतात का? उचलत असतील तर ग्लोव्ह बदलायला सांगा. खुशाल सांगा!
- दवाखान्यात सगळ्यांनी हेपटायटिस बीची लस घेतली आहे का? तीन डोस असतात. आणि हो, तुम्ही घेतली आहे का?
- दवाखाना बंद असताना दुखलं तर कुणाला फोन करायचा?

आणि आपली बाजू? ताप, सर्दी, खोकला असेल तर आधी फोन करून सांगा. शुगर, रक्त पातळ करणारी गोळी, कावीळ, काहीही असो, लपवू नका. मे २०२०मध्ये मॅडमनी मला विचारलं होतं, की घरात पुण्याहून कोणी आलंय का. खरं तर माझा चुलतभाऊ आदल्या आठवड्यात पिंपरीहून ई-पास काढून आला होता आणि मागच्या खोलीत झोपत होता. मी 'नाही' म्हणणार होते. सांगितलं तर त्या बोलावणारच नाहीत, ही भीती! आईने मागून मला चिमटा काढला आणि स्वतःच सांगून टाकलं. मॅडमनी एवढंच केलं, की मला चार दिवस थांबवून, त्याला ताप नाही याची रोज चौकशी करून, मग बोलावलं. मी खोटं बोलले असते आणि काही झालं असतं, तर त्याची जबाबदारी कुणाची? तो प्रश्न मला आजही अधूनमधून छळतो.

शिरूरहून निघताना बसस्टँडकडे जाताना मुद्दाम आमच्या जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्यावरून गेले. रविवार होता, शटर खाली होतं. त्यावर आता ऑइल पेंटने दोन नंबर लिहिलेत. एक त्यांचा. आणि खाली, 'तातडीसाठी' असं लिहून, त्या मॅडमचा.

मी दोन्ही मोबाइलमध्ये सेव्ह करून घेतले. डाव्या बाजूची अक्कलदाढ अजून यायची आहे.